बाटलीवरची ब्राह्मी नक्की कुठली?

मागच्या अंकात स्मृतिभ्रंशावर, म्हणजे आपण सगळे ज्याला डिमेन्शिया म्हणतो त्यावर, दोन पानं लिहिली आणि शेवटी "वनस्पतींवरही चाचण्या चालू आहेत" असं एका ओळीत उरकून टाकलं. ती ओळच अंगाशी आली. आलेली सगळी पत्रं तिच्यावरच. त्यामुळे या वेळी फक्त वनस्पती, बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न: सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डोनेपेझिल चालू आहे. नणंदेने ब्राह्मीच्या कॅप्सूल पाठवल्यात, जाऊबाईंनी दुसऱ्या कंपनीचं ब्राह्मी सिरप आणलंय. दोन्हींवर पानांचं चित्र आहे पण चित्रातली पानं एकसारखी नाहीत. खरी ब्राह्मी कुठली? आणि देऊ की नको?

उत्तर: ताई, तुम्ही चित्र नीट बघितलंत याचंच मला कौतुक वाटलं, कारण बहुतेक जण नाव वाचतात आणि झाकण उघडतात. तुमच्या हातात बहुधा दोन वेगळ्या वनस्पती आहेत आणि दोघींनाही लोक ब्राह्मीच म्हणतात. एक नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी, ओलसर जागी जमिनीलगत पसरते, पानं लहान, जाडसर, समोरासमोर, फूल पांढरट किंवा फिकट जांभळं. दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, हिचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते, लांब देठावर उभं. ही कोथिंबिरीच्या कुळातली, पहिलीशी हिचं काही नातं नाही. पहिलीत बॅकोसाइड नावाची द्रव्यं असतात, दुसरीत एशियाटिकोसाइड. म्हणजे एकीवर झालेली ट्रायल दाखवून दुसरीची बाटली विकली तर ते शेजाऱ्याचा रिपोर्ट दाखवून स्वतःची तब्येत ठणठणीत आहे म्हणण्यासारखं झालं.

शंखपुष्पीचा घोळ तर याहून मोठा, त्या नावाखाली निदान तीनचार वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात, त्यात आपली गोकर्णही येते. आणि चरकसंहितेत मेध्य रसायनं म्हणून जी चार सांगितलीत, मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, त्यात प्रत्येकाचं रूप वेगळं दिलंय हे बघा. ताज्या पानांचा रस आणि अल्कोहोलमध्ये काढून वाळवलेला अर्क यात उतरणारी द्रव्यं एकच नसतात, त्यामुळे कॅप्सूलच्या खोक्यावर "चरकोक्त" लिहिलेलं दिसलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चरकाने कॅप्सूल सांगितली नव्हती, आणि जे सांगितलं ते बुद्धी वाढवण्यासाठी, अल्झायमर नावाच्या आजारासाठी नाही.

आता नीरब्राह्मीच्या चाचण्या. त्यातल्या बऱ्याच निरोगी माणसांवर झाल्यात. 2008 साली प्रसिद्ध झालेली एक बऱ्यापैकी नीट केलेली ट्रायल आहे, 65 च्या पुढचे 54 जण, कोणालाही डिमेन्शिया नाही, रोज 300 मिलिग्रॅम अर्क, 12 आठवडे. शब्दांची यादी ऐकवायची, मधे वेळ जाऊ द्यायचा आणि मग आठवायला सांगायचं, या परीक्षेत ब्राह्मीवाल्यांचे मार्क थोडे सुधारले आणि पोटाच्या तक्रारी मात्र त्यांच्यातच जास्त निघाल्या. हे वाईट नाही, पण निरोगी माणसाला चार शब्द जास्त आठवणं आणि ज्या मेंदूत पेशी मरतायत त्याला आधार मिळणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीवरून दुसरी निघत नाही.

देऊ का, तर डॉक्टरांना दोन्ही बाटल्या दाखवल्याशिवाय नाही. नुसतं नाव सांगू नका, बाटल्याच न्या. ॲसिटिलकोलिन हे मेंदूतल्या पेशींचे निरोप नेणारं द्रव्य, डोनेपेझिल ते मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि ब्राह्मीसुद्धा थोडीफार त्याच वाटेने जाते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. दोन्ही एकत्र आली तर मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं हे वाढू शकतं, आणि या वयात नाडी मंद झाली की चक्कर येते, चक्कर आली की माणूस पडतो. आणि दोन्ही बाटल्या एकदम तर अजिबातच नको. नणंद नि जाऊबाई दोघींची मनं राखायची असतील तर डॉक्टरांवर ढकला, त्यांना सवय असते.

प्रश्न: डिमेन्शियावर वनस्पतीतून आलेलं एकतरी "खरं" औषध आहे का? की नुसत्याच चाचण्या चालू आहेत?

उत्तर: आहे. एक सरळ आलेलं, एक वळसा घालून.

सरळ आलेलं म्हणजे गॅलँटामिन. स्नोड्रॉप नावाचं पांढरं, मान खाली घातलेलं फूल असतं, बर्फ वितळायला लागलं की उगवणारं, त्याच्या कंदात हे द्रव्य सापडलं. 1950 च्या दशकात सोव्हिएत युनियन आणि बल्गेरियात यावर काम झालं, आणि तेव्हा ते स्मरणशक्तीसाठी नव्हतंच, पोलिओनंतरची स्नायूंची कमजोरी, भूल देताना स्नायू सैल करायचं जे औषध देतात त्याचा असर उतरवणं, अशा कामांना वापरायचे. डिमेन्शियाचा विषय कितीतरी नंतर आला. 1970 च्या दशकात अल्झायमरने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासताना दिसलं की ॲसिटिलकोलिन बनवणारी यंत्रणाच ढासळलीये, मग ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारं काय काय आपल्याकडे आहे याचा शोध सुरू झाला, आणि शेल्फवर धूळ खात असलेलं गॅलँटामिन पुढे आलं. अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली. आता ते कारखान्यातही बनतं आणि डॅफोडिलच्या कंदातूनही काढतात, वेल्समध्ये त्यासाठी डॅफोडिलची शेती झालीये.

वळसा घालून आलेली गोष्ट जास्त रंगतदार आहे. कॅलाबार, म्हणजे आजच्या नायजेरियातला भाग, तिथे एका वेलीची बी आरोपीला खायला घालायचे. मेला तर गुन्हेगार, उलटी करून वाचला तर निर्दोष. 1855 मध्ये एडिनबरातल्या रॉबर्ट क्रिस्टिसन नावाच्या प्राध्यापकाने ती बी स्वतः खाऊन बघितली, हातपाय ढिले पडायला लागल्यावर घाबरून दाढीचं साबणाचं पाणी ढोसलं आणि उलटी काढली म्हणून वाचला. (आताच्या एथिक्स कमिटीने त्याला दारातही उभं केलं नसतं.) पुढे 1864 मध्ये त्या बीतून फायझोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं. ते अल्झायमरच्या पेशंटना देऊन बघितलं पण त्याचा असर फार थोडा वेळ टिकायचा आणि मळमळ जबर, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूचा सांगाडा डोळ्यांसमोर ठेवून रिव्हास्टिग्मिन बनवलं, अमेरिकेत मान्यता 2000 साली, आता पॅच म्हणूनही मिळतं.

यात मला एक गंमत वाटते. या दोन्ही वनस्पतींची स्मरणशक्तीसाठी अशी ख्याती कधीच नव्हती. एक विष, एक स्नायूंचं औषध. आणि ज्यांची बुद्धीसाठी ख्याती आहे त्या वनस्पती अजून रांगेतच उभ्या आहेत. म्हणजे परंपरेकडून "यात काहीतरी जोरदार आहे" एवढा पत्ता मिळतो, पण ते कुठल्या आजारावर चालेल हे परंपरेने सांगितलेलंच बरोबर निघेल असं नाही, आजार आतून कळावा लागतो.

आणि हेही आताच सांगून टाकते, ही औषधं आजार थांबवत नाहीत. ॲडास-कॉग म्हणून 70 मार्कांची एक परीक्षा आहे, त्यात या गटातल्या औषधांनी सहाएक महिन्यांत सरासरी पावणेतीन मार्कांच्या आसपास फरक पडतो. काहींना तेवढ्याने शर्टाची बटणं स्वतः लावता येतात, काहींना काहीच जाणवत नाही.

प्रश्न: "हळदीने उंदरांची गेलेली स्मृती परत आणली, शास्त्रज्ञ थक्क" असा फॉरवर्ड आलाय. यात किती तथ्य?

उत्तर: उंदरांपुरतं असू शकतं. शास्त्रज्ञ थक्क वगैरे फारसे होत नाहीत, झाले तर आधी चूक कुठे झाली ते शोधतात.

अशी बातमी कुठून निघते ते दाखवते. पहिली पायरी काचेतली. 96 खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते, तळहातापेक्षा थोडी मोठी, प्रत्येक खळग्यात ते ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम, त्याचं खाद्य आणि एक रसायन. एन्झाइम काम करत असेल तर पाणी पिवळं होतं. वनस्पतीच्या अर्काने एन्झाइम अडवलं तर पिवळं होत नाही, संपलं. 1961 पासूनची ही एलमनची पद्धत, स्वस्त, सोपी, जगभर चालते. मी सुरुवातीला हळदीचा अर्क घेऊन बसले होते आणि सगळी प्लेट पिवळीधमक, मी वहीत लिहिलं "काहीच परिणाम नाही". मागून आमच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, अगं, हळद मुळातच पिवळी असते ना? एन्झाइम न घालता नुसत्या अर्काचा खळगा ठेवून त्याचा रंग वजा करायचा असतो, तो मी ठेवलाच नव्हता. आठवडा वाया. उलटी फसगतही होते, टॅनिन, म्हणजे चहात असतं तसं तुरट द्रव्य, भरपूर असलेला कुठलाही काढा घाला, तो दिसेल त्या प्रोटीनला चिकटतो, एन्झाइम बंद पडतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, तर या फसवाफसवीत नामांकित आहे. स्वतः रंगीत, स्वतः चमकतं, लवकर मोडतं, कशालाही चिकटतं. 2017 मध्ये औषधी रसायनवाल्यांनी यावर मोठा आढावा लिहिला, त्याचा सूर असा की काचेतल्या परीक्षांत दिसणारे कर्क्युमिनचे पराक्रम बरेचसे परीक्षेलाच फसवून मिळवलेले आहेत.

दुसरी पायरी उंदीर. एक गोल हौद, त्यात गढूळ केलेलं पाणी, पाण्याखाली कुठेतरी न दिसणारा छोटासा ओटा. उंदराला सोडलं की तो पोहत पोहत ओटा शोधतो, रोज सराव केला की त्याला जागा पाठ होते आणि सरळ तिकडे जातो. विसरभोळा उंदीर कडेकडेने गरगर फिरत बसतो. आता त्याला विसरभोळा कसा करतात, तर बऱ्याच प्रयोगांत स्कोपोलामिनचं इंजेक्शन देतात, हे द्रव्य धोतऱ्याच्या कुळातून आलेलं. काही तासांपुरती विस्मृती येते आणि औषध उतरलं की जाते. या उंदराला अर्क देऊन ओटा सापडला म्हणजे अल्झायमर बरा झाला असं नाही, त्याला अल्झायमर नव्हताच, गुंगी होती. दुसरे उंदीर असतात ज्यांच्यात माणसाची सदोष जीन घातलेली असते, ते जरा जवळचे, पण त्यांच्यातही आयुष्यभराचं ब्लड प्रेशर, डायबेटिस, एकटेपणा, पन्नास वर्षांची झीज हे काही नसतं. शितावरून भाताची परीक्षा इथे लागू पडत नाही.

माणसांवर काय झालं ते फॉरवर्डमध्ये नसतं. अल्झायमरच्या 36 पेशंटना 24 आठवडे रोज 2 किंवा 4 ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी देऊन बघितलं, 2012 मध्ये निकाल आला, फरक नाही. रक्तात ते पोचलं होतं फारच थोडं, आणि रक्तातून मेंदूत जायला अजून एक चाळणी असते. त्यानंतर रक्तात जास्त उतरेल असा एक प्रकार काढून डिमेन्शिया नसलेल्या 40 जणांना 18 महिने दिला, तिथे स्मृतीच्या परीक्षेत थोडी सुधारणा दिसली. 40 जण. यावरून पुढची मोठी चाचणी करावी इतकंच म्हणता येतं.

प्रश्न: माझं वय 68, आजार नाही, पण वडिलांना होता म्हणून भीती वाटते. जिंको झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या घेतो. चालू ठेवू?

उत्तर: दादा, या एका प्रश्नाचं उत्तर मोठ्या आकड्यात आहे म्हणून थोडक्यात देता येतं. 75 वर्षांपुढची 3069 माणसं, निम्म्यांना जिंको अर्क 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना खोटी गोळी, साधारण सहा वर्षं पाठपुरावा. जिंकोवाल्यांत 277 जणांना डिमेन्शिया झाला, खोट्या गोळीवाल्यांत 246. हा निकाल 2008 चा. 2012 मध्ये फ्रान्समधून 2854 जणांवरच्या पाच वर्षांच्या चाचणीचा निकाल आला, तोही तसाच. आजार झालेल्यांवरच्या काही ट्रायल्समध्ये थोडा फायदा दिसलाय, पण टाळण्यासाठी म्हणून घ्यायचं असेल तर उत्तर नाही असंच आहे. तुम्ही रक्त पातळ करायचं औषध घेत असाल तर डॉक्टरांना आजच सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. वडिलांची भीती मला कळते, पण त्या भीतीचे पैसे कान तपासायला आणि बीपी ताब्यात ठेवायला घाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये डिमेन्शियाचे जे 14 धोके मोजले त्यात कमी ऐकू येणं आणि ब्लड प्रेशर दोन्ही आहेत.

प्रश्न: तुम्ही काहीही म्हणा, आईला अश्वगंधा आणि एक काढा सुरू केल्यापासून फरक पडलाय. परवा तिने मला नावाने हाक मारली, चार महिन्यांनी. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. याला पण प्लासिबो म्हणणार का?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईने हाक मारली ती मारलीच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

प्रश्न ती हाक कशामुळे आली हा आहे. या आजारात दिवस सारखे नसतात, एखादी सकाळ लख्ख असते आणि संध्याकाळी परत धुकं. आपण काहीतरी नवीन सुरू करतो ते बहुतेक वेळा सगळ्यात वाईट आठवडा बघून करतो, त्यामुळे त्यानंतर थोडं बरं वाटण्याची शक्यता तशीही असते. आणि प्लासिबो, म्हणजे खोट्या गोळीनेही बरं वाटणं, डिमेन्शियात पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त होतो असं माझं मत आहे, कारण प्रश्नावली भरतो आपण. आपण औषध सुरू केलं की जास्त वेळ जवळ बसतो, जास्त बोलतो, आणि जास्त लक्ष देऊन ऐकतो. म्हणूनच चाचणीत घरच्यांनाही कळू देत नाहीत की गोळी खरी की खोटी.

हे घरी करता येत नाही, पण एक वही करता येते. रोज झोपायच्या आधी तीनच गोष्टी लिहायच्या आणि आधीपासून ठरवलेल्याच लिहायच्या, उदाहरणार्थ कपडे स्वतः घातले का, रात्री किती वेळा उठली, एकच प्रश्न किती वेळा विचारला. चांगल्या दिवशीही लिहायचं आणि वाईट दिवशी तर नक्कीच. दोन महिन्यांनी वही तुमच्या बहिणीच्या किंवा भावाच्या हातात द्या, तारखा झाकून, आणि विचारा यात काढा कधी सुरू झाला ते ओळख. ओळखता आलं तर मला परत लिहा, मी मनापासून वाचेन.

तोवर दोन गोष्टी मात्र लगेच करा. एक, बी-12 आणि थायरॉईड तपासलंय का, इतर गोळ्यांपैकी कुठली मेंदू मंद करतेय का हे डॉक्टरांना विचारलंय का? यातलं काही असेल तर ते सुधारता येतं, आणि काढ्याच्या नादात ते राहून गेलं तर फार वाईट वाटेल. दुसरं, अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात आणि ती थायरॉईडचे आकडे हलवू शकते. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर जास्त दिवस घेतल्यावर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. डोळे पिवळे, लघवी गडद, खाण्यावरची वासना गेली तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना. आणि काढा कोणी तयार केला, त्यात काय आहे, हे लेबलवर नसेल तर तो देऊच नका. इंटरनेटवरून घेतलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, 2008 मध्ये छापून आलं, सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं मेंदूवर काय करतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न: मी बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबा मला ओळखत नाहीत आता. मला याच वनस्पतींवर रिसर्च करायचाय. कुठून सुरुवात करू?

उत्तर: बाळा, पहिल्यांदा वनस्पती नीट वाळवायला शीक. हसू नकोस. पानफुलासकट फांदी गोळा करायची, दाबून वाळवायची, कागदावर चिकटवायची, कुठे कधी कोणी तोडली ते लिहायचं आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करून नंबर घ्यायचा. तो नंबर नसेल तर पुढे तू केलेलं सगळं काम नेमकं कशावर केलं हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि वरच्या ताईंच्या दोन बाटल्यांचं तू वाचलंसच. असे नंबर नसलेले पेपर मी ढिगाने बघितलेत.

मग स्टॅटिस्टिक्स. बॉटनीवाले ते टाळतात आणि मग 12 उंदरांवरून जग जिंकतात. मग एका वर्षी, तिन्ही ऋतूंत, एकाच झाडाची पानं तोडून त्यातलं द्रव्य मोज, ते किती बदलतं ते बघ, मग तुला कळेल की ट्रायलमध्ये सगळ्यांना एकसारखी गोळी देण्यासाठी अर्क प्रमाणित का करावा लागतो. जिंकोच्या चाचण्या इतक्या स्वच्छ झाल्या त्याचं एक कारण हेच, त्या अर्कात फ्लॅव्होन ग्लायकोसाइड 24 टक्के आणि टर्पीन लॅक्टोन 6 टक्के हे ठरलेलं असतं. उत्तर "नाही" असं आलं, पण आलं ते पक्कं आलं. आणि असं "नाही" तुझ्या वाट्याला पुष्कळ येईल, 2002 ते 2012 या काळात अल्झायमरसाठी 244 औषधी द्रव्यं चाचण्यांत उतरली, मान्यता मिळाली एकाला.

आजोबांजवळ बसायला वेळ काढ, ते ओळखत नसले तरी. आणि प्लेट लावशील तेव्हा नुसत्या अर्काचा एक खळगा ठेवायला विसरू नकोस, हळद असो नाहीतर काहीही.